एकाला वड, दुसऱ्याला डबकं

मा. पर्यावरणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सविनय नमस्कार.

मी पुण्यात नदीजवळ राहतो. दिवेलागणीला गच्चीवरून फळं खाणारी मोठी वटवाघळं जाताना दिसतात. पंख पसरले की एकेक चार फुटांचं. जूनमध्ये दणकून पाऊस झाला की मागच्या पडीक प्लॉटवरच्या डबक्यात बुलफ्रॉग, म्हणजे मोठे बेडूक, ओरडतात. नर तेव्हा हळदीसारखा पिवळा, गळ्याच्या पिशव्या निळ्याशार. शेजाऱ्यांना एक अपशकुनी वाटतं, दुसरा किळसवाणा. असो.

या दोघांच्या गरजा नेमक्या उलट आहेत आणि सरकारी फायलीत दोघांवर औषध एकच : भरपाई.

वटवाघळाची मादी वर्षाला बहुधा एकच पिल्लू देते. वस्ती पिढ्यान्‌पिढ्या त्याच झाडावर असते. (नावातच वड आहे; वड-उंबराचं बी लांबवर टाकतातही तीच.) राज्याच्या शहरी वृक्षसंरक्षण कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनं 50 वर्षांवरच्या झाडाला हेरिटेज वृक्ष ठरवलं. तोडलंच, तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची. 80 वर्षांच्या वडाबदल्यात 80 रोपं. हिशेब चोख आहे, पण रोपाला लटकायचं कसं?

बेडकाला जुनं काहीच नको. मादी एका हंगामात हजारो अंडी घालते, मात्र पाणी आटणारं हवं. बारमाही तळ्यात मासे असतात आणि ते अंडी-पिल्लं फस्त करतात. डबकं आटायच्या आत शेपूट जिरवून बेडूक बाहेर पडतो आणि कोरडे महिने मातीत पुरून घेऊन काढतो. त्याच डबक्याचं आपण सुशोभीकरण करतो : काँक्रीटचा काठ, कारंजं, रंगीत मासे. बेडकाच्या दृष्टीनं ते बुजवल्यातच जमा.

कायद्यानं बेडकाकडे तसं लवकर पाहिलं. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात 1987 मध्येच बंद झाली. फळं खाणारी वटवाघळं मात्र वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीपर्यंत उंदीर-कावळ्यांसोबत उपद्रवींच्या यादीत होती.

मागणं मोठं नाही. वृक्षगणनेच्या तक्त्यात ‘वटवाघळांची वस्ती : आहे/नाही’ असा रकाना घाला. आणि प्रकल्पाआधीची पाहणी पावसाळ्यात, तीही रात्री, बंधनकारक करा. मार्चमध्ये येणाऱ्याला खड्डा आणि कचराच दिसणार.

आपले अधिकारी पहिल्या मोठ्या पावसानंतर आले तर गच्चीवर चहा माझ्याकडून. वटवाघळं सातच्या सुमारास निघतात. बेडकांसाठी थोडं उशिरापर्यंत थांबावं लागेल.

आपला,
नदीकाठचा एक पुणेकर