शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या वर्षाचे काय?

महोदय,

स. न. वि. वि.

वजन घटवण्यासाठी केल्या जाणाऱ्या बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रियांविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते, ते बहुधा किती किलो उतरले आणि मधुमेहाची गोळी कधी सुटली एवढ्यावरच थांबते. हे लाभ खरे आहेत, आणि तीव्र स्थूलतेने त्रस्त रुग्णाला या उपायापासून परावृत्त करण्याचा माझा हेतू नाही. परंतु आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना मी पाहते की, अनेकांची खरी अडचण वर्ष-दीड वर्षानंतर सुरू होते आणि तोवर रुग्णालयाच्या पॅकेजमधल्या भेटी संपलेल्या असतात.

‘स्लीव्ह’ प्रकारच्या शस्त्रक्रियेत जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढतात. भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः याच भागात तयार होत असल्याने सुरुवातीचे काही महिने भूक मंदावते, वजन भराभर उतरते आणि आता सारे मार्गी लागले असे रुग्णाला वाटू लागते. मात्र एकटेपणात, रागात किंवा घरातल्या ताणात ज्याला खाण्याचाच आधार वाटत होता, त्याची ती सवय जठराबरोबर कापली जात नाही. पोळी, कोरडा भात किंवा मटण खाल्ले की छातीत दाटून येते, कधी उलटी होते. आइस्क्रीम, शेव, चहात बुडवलेले बिस्कीट मात्र सहज उतरते, त्यामुळे दिवसभर थोडे थोडे तेच खाल्ले जाते. अशी व्यक्ती ‘मी जेवतच नाही’ म्हणते तेव्हा ती खोटे बोलत नसते. याउलट, वजन पुन्हा वाढेल या धास्तीने मुद्दाम उलट्या काढणारेही असतात. दीर्घकाळ उलट्या होत राहिल्यास थायामिनची (ब-१ जीवनसत्त्वाची) कमतरता निर्माण होऊन मेंदूला इजा पोहोचू शकते, हे घरच्यांना क्वचितच ठाऊक असते.

त्यात आपल्याकडचा आग्रह! लग्नाच्या पंगतीतून चार घासांवर उठणाऱ्याला प्रश्न विचारले जातात, आणि शस्त्रक्रिया नातेवाइकांपासून लपवलेली असेल (लग्नाच्या वयाच्या मुलींच्या बाबतीत ती हमखास लपवली जाते) तर उत्तरही देता येत नाही.

कॅनडातील ओंटारिओ प्रांतात ८,८१५ रुग्णांच्या पाहणीत, शस्त्रक्रियेपूर्वीच्या तीन वर्षांच्या तुलनेत नंतरच्या तीन वर्षांत स्वतःला इजा करून घेतल्यामुळे तातडीच्या उपचारांसाठी आणले जाण्याचे प्रमाण सुमारे दीडपट आढळले, आणि त्यांतील बहुतेक घटना दुसऱ्या व तिसऱ्या वर्षातल्या होत्या. ‘बायपास’ या वजन घटवण्याच्या दुसऱ्या प्रकारच्या शस्त्रक्रियेनंतर (यात जठर लहान करून अन्न थेट आतड्यात पुढे वळवतात) मद्य रक्तात लवकर भिनते; २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात मद्यासक्तीची वाढही दुसऱ्याच वर्षी नोंदवली गेली. म्हणजे देखरेख जेव्हा सैल पडते, नेमका तेव्हाच धोका वाढतो.

शस्त्रक्रियेआधी मानसोपचारतज्ज्ञाची एक भेट आणि एक सही, एवढ्याने हे भागणार नाही. रुग्णालयांनी किमान दोन वर्षांच्या आहार व मानसिक तपासण्या शस्त्रक्रियेच्या खर्चातच धराव्यात. ठरावीक निकषांत बसणाऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्य विमा देतो, पण त्यानंतरचे समुपदेशन बाह्यरुग्ण सेवा म्हणून बहुधा वगळले जाते. विमा नियामकाने यात लक्ष घालावे. तोवर ज्यांना तातडीने कोणाशी बोलणे गरजेचे वाटते, त्यांच्यासाठी ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, आणि रुग्णाला घरी सोडताना दिल्या जाणाऱ्या कागदांवर तो छापण्यास कोणत्याही रुग्णालयाला अडचण नसावी.

आपली,
एक आहारतज्ज्ञ, ठाणे