आजोबांच्या पटाशीविषयी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र काल मिळाले. काकांची हत्यारांची पेटी आता तुझ्याकडे आली आहे आणि ती गंजलेली हत्यारे यंत्रावर घासून लख्ख करून घ्यावीत असा तुझा विचार आहे, हे वाचले आणि लगेच लिहायला बसलो. कृपा करून इतक्यात तसे काही करू नकोस.

माझ्याकडे आजोबांची एक पटाशी, म्हणजे लाकूड कोरायची सुताराची छिन्नी, आहे. मूळचे वीतभर असलेले तिचे पाते आता जेमतेम चार बोटे उरले आहे, कारण दर वेळी धार लावताना थोडे पोलाद दगडावर झिजते आणि तीन पिढ्यांनी ते झिजवले आहे. मुठीवर अंगठ्याच्या दाबाने पडलेला एक तिरका खळगा आहे. उजव्या हातात धरली की माझा अंगठा त्याच्या बाहेर पडतो. डाव्या हातात घेतली की नेमका त्यात विसावतो. आजोबांना मी पाहिलेले नाही, आणि ते डावखुरे होते हे मला घरात कोणी सांगितले नव्हते. मुठीवरून शंका आली, तेव्हा मी आत्याला विचारले. ती बराच वेळ काही बोलली नाही, नुसती मूठ चाचपत राहिली.

वडिलांच्या रंध्याचे पाते मात्र मी उतावळेपणाने यंत्रावर धरले. क्षणात कड निळी पडली. पोलाद सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की असा निळा रंग चढतो, आणि मग त्याचे पाणी, म्हणजे कडकपणा, उतरते, धार टिकत नाही. निळा भाग संपेपर्यंत पाते घासावे लागले. वडिलांना कित्येक वर्षे पुरले असते एवढे पोलाद एका दुपारी गेले, याची खंत अजून जात नाही.

तांबडा, भुसभुशीत गंज ओल धरून ठेवतो, म्हणून तो रॉकेलमध्ये भिजवून फडक्याने काढ. खालचा काळपट रंग तसाच राहू दे. मुठींना पॉलिशपेपर लावू नकोस, जवसाच्या तेलाचा पातळ हात पुरेल. ती तेलकट फडकी मात्र गोळा करून ठेवू नकोस, पसरून वाळव, कारण ती आपोआप पेट घेऊ शकतात.

हातोड्याचा दांडा निराळ्या लाकडाचा आहे असे तू लिहिले आहेस. तो कोणी बसवला, हे काकूंना विचारून मला नक्की कळव.

तुझाच,
मित्र