शेजवानात तिरफळ घालणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

गणपतीला म्हणून गावी गेलात ते अजून तिकडेच रमलात, त्यामुळे आभार मानायचे राहून गेले. समोर मानले असते तरी तुम्ही हात झटकून विषय बदलला असता. म्हणून हे असं उघडपणे लिहिते आहे. शिवाय बिल्डिंगमधली निम्मी घरं तुमच्या शेजवान चिकनची कृती माझ्याकडे मागताहेत, त्यांचंही काम होऊन जाईल. नाव लिहिलेलं तुम्हाला रुचायचं नाही, म्हणून लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

गटारीला यांच्या मावशीकडची मंडळी जेवायला येणार होती. पोरांनी हट्ट धरला की रस्सा-बिस्सा नको, चायनीजच पाहिजे. बाहेरून मागवायला सासूबाईंचा ठाम नकार, कारण तो लालभडक रंग. लिफ्टमध्ये आमची ही कुरकुर तुमच्या कानावर पडली आणि संध्याकाळी तुम्ही स्वतःचा झारा आणि कागदाची एक पुडी घेऊन दारात हजर! उमेदीची सगळी वर्षं मुंबईतल्या चायनीज हॉटेलांच्या भटारखान्यात काढलेला माणूस आपल्या ओट्याशी उभा राहतो म्हणजे काय, हे त्या दिवशी पाहिलं. डबे उघडायच्या आधी तुम्ही आमची शेगडी पाहिलीत. सगळ्यात मोठा बर्नर पूर्ण मोठा करून ज्योत बघितलीत आणि म्हणालात, यावर हॉटेलसारखं होणार नाही, पण घरासारखं फक्कड होईल.

त्या एका वाक्याने माझा केवढा तरी गोंधळ मिटला. गाडीवरच्या भट्टीची आच घरच्या गॅसला यायची नाही. तेवढ्या आचेवर चिकन पडताक्षणी परतलं जातं, आपल्याकडे त्याला पाणी सुटतं आणि ते त्या पाण्यातच शिजत बसतं. त्यावर तुमचा उपाय साधा: नॉनस्टिक बाजूला ठेवायचं, लोखंडी कढई धूर येईपर्यंत तापवायची आणि माल थोडा थोडा टाकायचा. अर्धा किलो चिकन तीन घाण्यांत. मी सगळं एकदम लोटायला निघाले की तुमचं ठरलेलं, "घाय करू नको गो."

मांडीचं बोनलेस, सुपारीएवढे तुकडे, फडक्याने टिपून कोरडे केलेले. त्यांना एक अंडं, तीन चमचे कॉर्नफ्लोअर, चमचाभर मैदा, थोडा सोया सॉस, मिरपूड, आलं-लसूण. आधी मध्यम आचेवर तळून काढायचे, निथळू द्यायचे आणि वाढायच्या आधी कडकडीत तेलात मिनिटभर पुन्हा सोडायचे. या दुसऱ्या तळणीचा आवाजच वेगळा असतो. झाऱ्यात तुकडे खुळखुळले पाहिजेत, हे तुम्ही मला कानाने शिकवलंत.

चटणीला ब्याडगी मिरच्या बिया काढून उकळलेल्या आणि वाटलेल्या. रंग त्यांचाच, त्यामुळे सासूबाई गप्प. भरपूर तेलात भरपूर लसूण, वाटलेला नाही, बारीक चिरलेला. हॉटेलात सेलरी घालतात, ती आमच्या भाजीवाल्याकडे कुठली? तुम्ही कोथिंबिरीचे देठ चिरून घातलेत. मग मिरचीचं वाटण, आणि तेल सुटेपर्यंत ढवळणं. शेवटी व्हिनेगर, मीठ, चिमूटभर साखर.

आणि मग ती पुडी. तिरफळं! आम्ही साताऱ्याकडची माणसं. तिरफळ बांगड्याच्या आमटीत पडतं एवढं ऐकून होते, हातात कधी धरलं नव्हतं. तुम्ही एकेक फोडून आतली काळी बी टाकून दिलीत, नुसतं टरफल कुटलंत आणि त्यातलं चिमूटभर माझ्या जिभेवर ठेवलंत. आधी लिंबाच्या सालीसारखा वास, आणि मग ओठांना मुंग्या. चीनच्या सिचुआन प्रांतातल्या (आपलं 'शेजवान' ते हेच) जेवणात जी मिरी घालतात, ती आणि आपलं कोकण-गोव्यातलं तिरफळ ही एकाच वंशातली झाडं. आपल्याकडच्या शेजवान चटणीत मात्र ती मिरी सहसा नसतेच, नुसती मिरची आणि लसूण. तुम्ही मालवणातून तिची भावकीच आणून बसवलीत. हॉटेलात असताना हे कधी करू दिलं नाही, असंही हसत हसत सांगितलंत. त्या मालकाचं नुकसान, दुसरं काय!

देठ चिरता चिरता तुम्ही नेल्सन वांग यांची गोष्ट काढलीत. कोलकात्यात जन्मलेला हा चिनी वंशाचा माणूस मुंबईत आला आणि 1975 साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात त्याने चिकन मंचुरियन केलं. आलं, लसूण, हिरवी मिरची अशी सुरुवात अगदी आपली, पण गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर. पुढे 1983 मध्ये त्यांनी 'चायना गार्डन' हे हॉटेल काढलं. वांग यांचं नाव झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. पण ती चव नाक्यानाक्यावरच्या गाड्यांपर्यंत नेली ती तुमच्यासारख्या माणसांनी, आणि त्यांचं नाव कुठल्या मेनूकार्डावर आलं नाही. हे मी म्हणतेय, तुम्ही नाही. तुमचं सगळं लक्ष तेव्हा कढईवर होतं.

शेवटचा भाग तर डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच आटोपला. कांदा, सिमला मिरची, चटणी, कढईच्या कडेने सोडलेला सोया सॉस, म्हणजे तो तापल्या लोखंडावर चरचरतो आणि मग आत उतरतो. कॉर्नफ्लोअरचं पाणी ओतायच्या क्षणी पुन्हा ढवळायचं, कारण पीठ तळाशी बसलेलं असतं. मग चिकन, दोन हिसके, गॅस बंद. अजिनोमोटोवरून सासूबाईंशी वाद घालायचा माझा बेत होता, पण तुम्ही घातलाच नाहीत.

पाहुण्यांनी बोटं चाटली हे सांगायला नकोच. खरी पावती सासूबाईंची. त्यांनी नूडल्स बाजूला सारले आणि तांदळाची भाकरी मागून घेतली. आता दर रविवारी विचारतात, "ते मुंग्यावालं कधी करतेस?"

तुमचा झारा आमच्याकडेच राहिलाय, जपून ठेवलाय. तिरफळं मात्र संपत आलीत, येताना आणाल ना? आणि लॉलीपॉप शिकवायचं कबूल केलं होतंत. हाडावरून मांस न फाटता खाली कसं ओढायचं ते पाहायचंय, सुरीला धार लावून ठेवते.

काकूंना नमस्कार.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची