काड्यांची जुडी आणि राजा स्वातोप्लुक

ब्रनो

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

पाचवीच्या मुलांना सांगण्यासारखी इकडच्या एखाद्या राजाची गोष्ट पाठव, असं तू लिहिलं होतंस. आहे एक, आणि तुझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना ती आधीच ठाऊक असेल. मरणाला टेकलेला बाप, तीन मुलगे आणि काड्यांची जुडी. जुडी कुणालाच मोडत नाही, सुटी काडी मात्र कुणीही मोडतो. आपण 'एकीचे बळ' म्हणून शिकलो तीच. फक्त शेजारच्या स्लोवाकियात ती सांगतात तेव्हा तो बाप साधा शेतकरी नसतो. तो असतो मोराव्हियाचा राजा स्वातोप्लुक.

त्याच्या नावावरची ही गोष्ट फार जुनी आहे. बायझंटियमचा, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याचा, सम्राट सातवा कॉन्स्टंटाइन याने 950 च्या सुमारास आपल्या मुलासाठी राज्यकारभाराचं एक पुस्तक लिहिलं, त्यात ती सापडते. स्वातोप्लुक वारला 894 मध्ये. म्हणजे पन्नास-साठ वर्षांतच तो गोष्टीतला राजा झाला होता. पण मुलांपुढे उभा राहण्याआधी हा माणूस कोण होता हे तुला नीट माहीत असावं असं मला फार वाटतं, म्हणून जरा लांबण लावतो.

नवव्या शतकात मोराव्हा नदीच्या दोन्ही काठांवर, आजचा पूर्व चेकिया आणि पश्चिम स्लोवाकिया मिळून, स्लाव्ह लोकांचं एक राज्य उभं राहिलं. पश्चिमेला फ्रँक सम्राटांचा, म्हणजे आजच्या जर्मनी-फ्रान्सच्या तेव्हाच्या राज्यकर्त्यांचा, दरारा, त्यांचे बव्हेरियन (दक्षिण जर्मनीतले) बिशप, त्यांची लॅटिन. स्वातोप्लुकचा काका रास्तिस्लाव तिथे राज्य करत होता. बव्हेरियन धर्मगुरूंच्या मुठीतून सुटावं म्हणून त्याने बायझंटियमकडे शिक्षक मागितले आणि 863 मध्ये सिरिल आणि मेथोडियस हे दोघे भाऊ तिथे आले. सिरिलने स्लाव्ह भाषेसाठी नवी लिपी घडवली, आणि लोकांच्या बोलीत प्रार्थना सुरू झाली. आपल्याकडे संस्कृतातलं ज्ञान मराठीत आणलं गेलं त्याचं मोल तुला वेगळं सांगायला नको. हे सगळं उभं राहिलं ते काकामुळे.

पुतण्या स्वातोप्लुक नित्राचा, म्हणजे आजच्या पश्चिम स्लोवाकियातल्या भागाचा, अधिपती होता. 870 मध्ये तो परस्पर फ्रँक राजपुत्र कार्लोमनला जाऊन मिळाला. काका खवळला. पुढचा प्रसंग फ्रँकांच्या फुल्डा वर्षनोंदीत आहे. रास्तिस्लावने पुतण्याला मेजवानीला बोलावून तिथेच गळा आवळून मारायचा बेत केला. कुणीतरी आधीच सावध केलं, तेव्हा ससाणे घेऊन शिकारीला निघाल्याचा बहाणा करून स्वातोप्लुक निसटला. काका शिपाई घेऊन पाठलागावर आला आणि स्वतःच पकडला गेला. पुतण्याने त्याला बांधून कार्लोमनच्या हवाली केलं. रेगेन्सबुर्गला खटला भरला, देहान्त शासन झालं, आणि कार्लोमनचा बाप राजा लुई याने 'दया' दाखवून त्याचे फक्त डोळे काढले. पुढे तो कुठल्याशा मठात कैदेत गेला. काका-पुतण्यांचं वैर आपल्यालाही नवं नाही, तरी हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

फितुरीचं फळही तसंच मिळालं. वर्षभरातच कार्लोमनने स्वातोप्लुकला संशयावरून कैद केलं. तो मेला असं समजून लोकांनी त्याच्याच घराण्यातल्या स्लावोमिर नावाच्या धर्मगुरूला, नको नको म्हणत असताना, गादीवर बसवलं आणि बंड पुकारलं. बंड आवरेना, तेव्हा कार्लोमनने स्वातोप्लुकला सोडला, मानपान दिला, आणि बव्हेरियन फौज देऊन स्वतःच्याच माणसांवर धाडला. फौज तळ ठोकत होती तेवढ्यात हा 'बोलणी करून येतो' म्हणून रास्तिस्लावच्या जुन्या गडात शिरला आणि बाहेर आला तो मोराव्हियन सैन्य घेऊन. तळ कापून काढला. जे वाचले त्यातले बहुतेक कैदी झाले. या घटकेपासून तो खऱ्या अर्थाने राजा.

नंतरची तेवीस वर्षं त्याचीच. 874 मध्ये फोर्शहाइमला तह केला, नावापुरती खंडणी कबूल केली आणि मग चौफेर हातपाय पसरले. 880 च्या दशकात तो पॅनोनियावर (आजचा पश्चिम हंगेरीचा भाग) चालून गेला तेव्हा त्याचं सैन्य एका जागेवरून जाताना सूर्योदयापासून दिवस मावळेपर्यंत संपत नव्हतं, असं शत्रूनेच लिहून ठेवलंय. 890 मध्ये जर्मन राजा आर्नुल्फने त्याला बोहेमियाही (आजच्या चेकियाचा पश्चिम भाग) देऊन टाकला. त्या आधीची या दोघांची मैत्री इतकी, की आर्नुल्फच्या मुलाचा बाप्तिस्मा झाला तेव्हा स्वातोप्लुक धर्मपिता होता आणि मुलाला त्याचंच नाव ठेवलं. दोन वर्षांत आर्नुल्फ त्याच्यावर फौज घेऊन आला, ती गोष्ट निराळी.

पण मिलिंद, मला त्याची खरी चूक लढाईत दिसत नाही. 880 मध्ये पोप आठव्या जॉनने त्याला पत्र लिहून स्लाव्ह भाषेतल्या उपासनेला परवानगी दिली. त्याच पत्रात एक वाक्य आहे, की तुला आणि तुझ्या सरदारांना लॅटिनच आवडत असेल तर तुमच्यापुरती लॅटिनमध्ये करावी. राजाचा ओढा कुठे होता हे त्यावरून कळतं. 6 एप्रिल 885 रोजी मेथोडियस गेला. त्याचे शिष्य आणि जर्मन धर्मगुरू यांच्यातला वाद राजापुढे आला. शिष्यांच्या बाजूने लिहिलेल्या चरित्रात असं आहे, की राजा म्हणाला, मला धर्मातलं फारसं कळत नाही, जो आधी पुढे येऊन आपला धर्म खरा अशी शपथ घेईल त्याच्याकडे चर्च. जर्मनांनी धावत जाऊन शपथ घेतली आणि निकाल लागला. वडीलधाऱ्या शिष्यांना शिपायांकरवी उघड्यावागड्या अवस्थेत हद्दीबाहेर काढलं. तरुणांना गुलाम म्हणून विकलं, त्यांतले काही व्हेनिसच्या बाजारात पोचले. वाचले ते बल्गेरियात गेले. तिथल्या राजाने त्यांना डोक्यावर घेतलं, आणि स्लाव्ह भाषेतलं लिहिणं-वाचणं तिथे बहरलं. काकाने लावलेलं झाड पुतण्याने उपटून दुसऱ्याच्या अंगणात टाकलं. याबद्दल मी त्याला माफ करू शकत नाही.

आता मृत्यू. सम्राटाच्या पुस्तकात तो मुलांना काड्या देऊन एकीने राहा म्हणतो. फुल्डाच्या नोंदीत तोच राजा मरताना आपल्या माणसांना बजावतो, की शांतता धरू नका, शेजाऱ्यांशी वैर चालू ठेवा! तीच नोंद त्याला विश्वासघाताचं म्यान म्हणते. तर दुसरा एक फ्रँक इतिहासकार, प्र्यूमचा रेगिनो, त्याला आपल्या लोकांतला सर्वांत शहाणा माणूस म्हणतो. आणि समकालीन कागदांत मुलगे दोनच आहेत, मोयमिर आणि धाकटा स्वातोप्लुक. तिसरा काड्यांच्या गोष्टीबरोबर आला. दोघे चार-पाच वर्षांत एकमेकांच्या उरावर बसले आणि 907 च्या आसपास मॅग्यार, म्हणजे हंगेरियन, घोडेस्वारांनी राज्यच पुसून टाकलं.

एवढं मोठं राज्य बारा-तेरा वर्षांत कसं गेलं, हा प्रश्न पुढच्यांना सुटेना. मग जो तो आपापलं उत्तर घेऊन आला. बायझंटियम म्हणालं, मुलं भांडली. प्रागचा इतिहासकार कोस्मास बाराव्या शतकात सांगतो, की राजा मेलाच नाही. आर्नुल्फवर शस्त्र उचलल्याचा पश्चात्ताप होऊन तो एका रात्री छावणीतून नाहीसा झाला, नित्राजवळच्या झोबोर डोंगरावर गेला, रानात घोडा मारला, तलवार पुरली आणि तिथल्या संन्याशांत जाऊन राहिला. कोण आहे हे त्यांना मरणाच्या क्षणी सांगितलं. मला ही कथा आवडते, पण पटत नाही. ज्या माणसाचा घात त्याने केला तो काका तिच्यात कुठेच नाही.

तिसरी हंगेरीची, आणि ती सर्वांत रंगतदार. मॅग्यारांचा सरदार आर्पाद याने त्याला सोनेरी खोगीर नि लगाम घातलेला देखणा घोडा भेट पाठवला आणि बदल्यात मागितलं काय, तर थोडी माती, थोडं गवत, डॅन्यूबचं पाणी. राजा खूश, हवं तेवढं न्या म्हणाला. नंतर निरोप आला, की घोड्याच्या मोलाने आम्ही तुझा देश विकत घेतलाय. राजा संतापला. घोडा मारा, लगाम गवतात टाका, खोगीर नदीत बुडवा! दूत म्हणाला, मारा. मांस आमचे कुत्रे खातील, लगाम आमच्या गवत कापणाऱ्यांना सापडेल, खोगीर आमचे कोळी काढतील. शेवटी पळताना राजा डॅन्यूबमध्ये बुडून मरतो.

इथून तासाभरावर मिकुल्चित्से आहे, त्या काळच्या गडाची जागा. 1954 पासून तिथे उत्खनन चालू आहे. डझनभर चर्चचे पाये सापडले, आता जमिनीवर त्यांचे आराखडेच दिसतात. मी सर्वांत जास्त रेंगाळलो ते गुंड्यांपाशी. सोन्या-चांदीच्या पत्र्याच्या, पोकळ, बोराएवढ्या, वर बारीक नक्षी ठोकून काढलेली. अंगरख्याला लावायच्या, लहान मुलांच्या थडग्यांतही निघाल्या. असे हात असलेले कारागीर ज्या राज्यात होते, ते राज्य काडीसारखं मोडलं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तर पाचवीला घोड्याची गोष्ट सांग, दूताचं उत्तर मुलांकडूनच काढून घे. काड्यांची गोष्ट नववीला सांग, पण आधी रास्तिस्लावची हकीकत सांगून मगच. आणि त्यांना विचार, मुलांनी बापाचं ऐकलं नाही, की बापाने केलं तेच केलं? काय उत्तरं येतात ती मला जशीच्या तशी लिहून पाठव. स्लोवाकियाची राजधानी ब्रातिस्लाव्हा, तिथल्या किल्ल्यावर 2010 मध्ये स्वातोप्लुकचा घोड्यावरचा पुतळा बसवला. त्याला 'प्राचीन स्लोवाकांचा राजा' म्हणण्यावरून तिथल्या इतिहासकारांनी कडक आक्षेप घेतला होता. त्याचे फोटो वेगळे पाठवतो, फळ्यावर चिकटवायला होतील.

वहिनींना नमस्कार, छोटीला आशीर्वाद. कळावे, लोभ आहेच.

तुझा,
प्रकाश