‘त्याचा बाबाही उशिराच बोलला’ या वाक्यापाशी थांबू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरातले मूल दोन वर्षांचे होऊनही बोलत नसले, की वडीलधाऱ्यांपैकी कोणीतरी हमखास म्हणते, ‘काळजी करू नका, त्याचा बाबाही उशिराच बोलला.’ माझ्या नातवाच्या बाबतीत हे वाक्य मी उच्चारले होते. ३१ वर्षे प्राथमिक शाळेत शिकवलेली सासू असे म्हणते म्हटल्यावर सुनेने आपली शंका मनातच ठेवली आणि तपासणीचा विषय सव्वा वर्ष मागे पडला. नातवाला ऑटिझम आहे, हे तो सव्वातीन वर्षांचा असताना निश्चित झाले. गेलेले दिवस परत येत नाहीत, पण माझ्यासारख्या आणखी एखाद्या आजीने ते वाक्य उच्चारण्यापूर्वी थोडा विचार करावा, या तळमळीने हे पत्र लिहीत आहे.

आम्ही सगळे त्याच्या न बोलण्याकडेच पाहत राहिलो, ही आमची पहिली चूक. बोलण्याआधीच्या ज्या खुणा असतात, त्या आमच्या डोळ्यांसमोर होत्या. मी आकाशातला चंद्र दाखवला, तर तो माझ्या बोटाकडे पाही, चंद्राकडे नाही. हवी ती वस्तू मिळवण्यासाठी तो माझा हात धरून मला तिथवर नेत असे, मात्र ‘हे बघ, काय गंमत आहे’ अशा अर्थाने त्याने बोट कधी उचलले नाही. नाव घेऊन हाक मारली तरी वळत नसे. उलट दुसऱ्या खोलीत खाऊची पुडी फोडली तर धावत येई, म्हणून कान चांगले आहेत असे आम्हीच ठरवून टाकले. गाडी जमिनीवर चालवण्याऐवजी तो ती उलटी करून तासन्‌तास चाक फिरवत बसे, आणि मिक्सर सुरू झाला की कानांवर हात ठेवून रडे. यातली एखादी गोष्ट कोणत्याही मुलात दिसू शकते. त्या सगळ्या एकत्र आणि सतत दिसत होत्या, हे महत्त्वाचे होते.

निदानाचे निकषही हेच सांगतात. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली निदानपुस्तिकेची पाचवी आवृत्ती काढली, तेव्हा पूर्वीची ‘ऑटिझम’, ‘अ‍ॅस्पर्जर’ वगैरे वेगवेगळी नावे ‘ऑटिझम स्पेक्ट्रम डिसॉर्डर’ या एकाच नावाखाली आली. त्यात दोन बाजू पाहतात: एक म्हणजे इतरांशी संवाद आणि संबंध जोडण्यातली अडचण, आणि दुसरी म्हणजे त्याच त्या हालचाली, ठरावीक क्रमाचा आग्रह, एखाद्या विषयाची अतिशय तीव्र ओढ किंवा आवाज, स्पर्श, प्रकाश यांबाबत फार जास्त वा फार कमी संवेदनशीलता. या खुणांची सुरुवात लहानपणी झालेली असावी लागते, तरी त्या पूर्णपणे उघड व्हायला कधी कधी शाळेचे किंवा नोकरीचे वय उजाडते. ‘स्पेक्ट्रम’ म्हणण्याचे कारणही समजून घ्यायला हवे. एकाला आयुष्यभर बोलता येत नाही, दुसरा अस्खलित बोलतो, आणि तरीही दोघांचे निदान एकच असू शकते. आधार किती लागतो हे सांगण्यासाठी तीन पातळ्या मात्र केलेल्या आहेत.

आपल्या भाषेत यासाठी रूढ असलेल्या ‘स्वमग्नता’ या शब्दाबद्दल मला थोडे बोलायचे आहे. शब्द देखणा आहे, पण त्यामुळे मूल आपल्याच विश्वात सुखाने रमलेले आहे आणि त्याला कोणी नकोच आहे, असे ऐकणाऱ्याला वाटते. माझ्या नातवाला माणसे हवी असतात, त्यांच्यापर्यंत पोहोचायचे कसे ते त्याला उमगत नाही. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांचे वर्णन करताना वापरलेल्या मूळ इंग्रजी शब्दातच ‘स्वतः’ हा अर्थ आहे, आणि पुढे कित्येक वर्षे आईच्या कोरडेपणामुळे मूल असे होते, हा घोर अन्याय करणारा समज पसरला. १९७७ साली जुळ्यांच्या २१ जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचे दिसू लागले. लसीमुळे ऑटिझम होतो असा ठपका ठेवणारा १९९८ चा निबंध तर तो छापणाऱ्या नियतकालिकानेच २०१० मध्ये मागे घेतला. तरीही आजही पहिला प्रश्न आईलाच विचारला जातो, याचे मला फार दुःख होते.

आनुवंशिकतेचा वाटा मोठा असेल, तर ‘बाबाही उशिरा बोलला’ हे वाक्य धीर देणारे कसे ठरते? ते तर डॉक्टरांना आवर्जून सांगण्याचे वाक्य आहे. मोठ्या भावंडाला ऑटिझम असेल, तर पाठच्या सुमारे पाचांपैकी एका मुलात तो आढळतो, म्हणून अशा घरात धाकट्याकडे पहिल्या वर्षापासूनच लक्ष ठेवावे.

आता तपासणीविषयी. ऑटिझम रक्ताच्या चाचणीत किंवा मेंदूच्या छायाचित्रात दिसत नाही. तज्ज्ञ मुलाचे वागणे पाहतात आणि घरच्यांना खोदून विचारतात. पहिली पायरी चाळणीची, म्हणजे कोणत्या मुलाची सविस्तर तपासणी हवी ते ठरवण्याची. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी ‘एम-चॅट’ नावाची २० प्रश्नांची प्रश्नावली आहे, आणि १८ व्या व २४ व्या महिन्यांत प्रत्येक मुलाची अशी चाळणी व्हावी, अशी अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे. चाळणीत गुण जास्त आले म्हणजे निदान झाले असे नाही, आणि कमी आले म्हणून शंका कायमची मिटली असेही नाही. शंका उरली तर विकासात्मक बालरोगतज्ज्ञ, बालमानसोपचारतज्ज्ञ, मुलांचे मेंदूविकारतज्ज्ञ किंवा या कामाचा अनुभव असलेले मानसशास्त्रज्ञ यांच्याकडून सविस्तर मूल्यमापन करून घ्यावे. ‘एडॉस’सारख्या चाचणीत तज्ज्ञ मुलाशी ठरावीक पद्धतीने खेळतात, बोलतात आणि प्रतिसादांची नोंद करतात. पालकांची दीर्घ मुलाखत होते, बोलणे, समज आणि रोजची कामे यांची वेगळी तपासणी होते. श्रवणचाचणी तर कधीच टाळू नये, मग पुडीचा आवाज मुलाला कितीही लांबून ऐकू येत असो.

जाताना काही तयारी केली तर फार उपयोग होतो. तज्ज्ञांच्या खोलीत मूल बावरते किंवा उलट नेहमीपेक्षा शांत बसते, त्यामुळे घरी खेळताना, जेवताना, हाक मारल्यावर ते काय करते याची छोटी चित्रफीत जवळ ठेवावी. पहिले हसू, पहिले बोट दाखवणे, पहिला शब्द कधी, आणि आलेले शब्द पुन्हा गेले का, हे लिहून न्यावे. काही मुलांमध्ये दीड-दोन वर्षांच्या सुमारास शिकलेले शब्द हरपतात. तसे दिसले तर एक आठवडाही थांबू नये. आणि मूल्यमापनाची वेळ मिळायला महिने लागणार असतील, तर वाचा-उपचार आणि ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामे आणि हालचाली जमाव्यात म्हणून केले जाणारे उपचार) त्याआधीच सुरू करावी, त्यासाठी निदानाच्या कागदाची वाट पाहण्याचे कारण नाही.

शिक्षिका म्हणून आणखी एक खंत मनात आहे. माझ्या वर्गात काही मुली अतिशय शहाण्या आणि गप्प असत. मधल्या सुट्टीत मैत्रिणीच्या शेजारी बसून तिचे हसणे-बोलणे जसेच्या तसे उचलणारी एक मुलगी मला आजही आठवते. घरी गेल्यावर ती रोज तासभर रडते, असे तिच्या आईने सांगितले तेव्हा मी ‘लाडावलेली आहे’ म्हणून सोडून दिले. तिचे निदान काय असते ते मी सांगू शकत नाही. पण अडचण झाकत जगणाऱ्या मुलींचे निदान उशिरा होते किंवा होतच नाही, हे आता अभ्यासांतून पुढे आले आहे.

आणि माझा मुलगा, जो स्वतः उशिरा बोलला होता. लेकाच्या तपासणीत विचारलेले प्रश्न ऐकता ऐकता तो गप्प होत गेला, आणि वर्षभराने, वयाच्या ३८ व्या वर्षी, त्याने स्वतःचे मूल्यमापन करून घेतले. प्रौढांनाही ते करून घेता येते. इंटरनेटवरच्या प्रश्नावलीवर भिस्त न ठेवता प्रौढांच्या निदानाचा अनुभव असलेल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा मानसशास्त्रज्ञाकडे जावे, कारण चिंता, एकाग्रतेची अडचण आणि ऑटिझम यांच्या खुणा एकमेकींत मिसळतात, शिवाय त्या एकाच माणसात एकत्रही असू शकतात. त्याच्या लहानपणाची माहिती द्यायला मला बोलावले होते. तो कसा खेळायचा, कशाने घाबरायचा, मित्र किती होते, हे सांगताना दोन तास कसे गेले ते कळले नाही. मला सगळे आठवत होते. आईवडील हयात नसतील, तर भावंडांच्या आठवणी आणि जुनी प्रगतिपुस्तके चालतात, असे त्या तज्ज्ञ बाईंनी सांगितले. मुलाचे पहिलीचे प्रगतिपुस्तक मी जपून ठेवले होते. ‘हुशार आहे, पण वर्गात एकटा असतो’ हा त्यातला शेरा त्यांनी आपल्या अहवालात जसाच्या तसा उतरवून घेतला.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका