ताई, खडू आक्कांच्या हातात दिलात त्याबद्दल

प्रिय ताई,

आमच्या पुरंदर तालुक्यात पाण्याची टंचाई असेल, पाण्यावर भाषण देणाऱ्यांची नाही. तुम्ही आमच्या गावात जमिनीखालचं पाणी समजवायला आलात, त्याआधी एक साहेब येऊन गेले. शाळेच्या खिडक्या लावून अंधार केला, स्लाइडमागून स्लाइड, 'जलधर', 'पुनर्भरण', आणि शेवटी "काही शंका?" कळलंच नव्हतं तर शंका कसली येणार! त्यापेक्षा नारळ घेऊन पाण्याची जागा शोधत फिरणारा पाणाड्या बरा. बोअर कोरडे गेले, पण त्याचं बोलणं तरी समजत होतं.

तुम्ही फळ्यावर आमचा डोंगर उभा कापून दाखवलात. वर माती, मग मुरूम, भोकाभोकांचा मांजऱ्या खडक, त्याखाली काळा पाषाण, खाली परत मांजऱ्या. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, थरावर थर. पाषाणात पाणी भेगांपुरतं, मांजऱ्यात जास्त. मग प्रत्येकाची विहीर काढलीत आणि सगळ्यांमधून निळ्या खडूची एकच पट्टी ओढलीत. मागून कुणीतरी ओरडलं, "म्हंजी ह्याची मोटार चालली की माझं पाणी जातं, ते खरंच की!"

पण मला लिहायचंय ते आमच्या गावच्या आक्कांबद्दल. त्या म्हणाल्या, "वड्याकडच्या हिरीला मांजऱ्या लागलाच न्हाई. मी माती वाहिलीया तिची. मुरमाखाली थेट पाषाण, सुरुंग लावाया लागलं." दुसरं कुणी असतं तर "बरं बरं" म्हणून पुढे गेलं असतं. तुम्ही आपली रेघ पुसलीत आणि खडू त्यांच्या हातात दिलात. त्यांनी पदराला हात पुसले, मग धरला. रेघ वाकडी आली. तुम्ही ती नीट करायला गेला नाहीत, पुढचं सगळं चित्र त्याच रेघेवरून काढलंत. समोरच्याला त्याच्या शिवारातलं आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असणार, एवढं धरून चालायला काय लागतं? पण शिकल्यासवरल्या माणसांत ते इतकं कमी का दिसतं, देव जाणे.

आणि ती तुमच्या वहीतली स्केचनोट, म्हणजे बैठकीचं चित्रांतलं टिपण! चौकटी, बाण, टोपीवाली डोकी, कोण काय बोललं ते सगळं. फोटो ग्रुपवर पडला आणि "मी असं म्हणालोच नव्हतो" म्हणायची कुणाची सोय उरली नाही, सरपंचांचीसुद्धा. शेततळ्यावरचा सूर्य आणि वर जाणारे बाण मात्र भलतेच झोंबले. जमिनीतलं पाणी बोअरनं उपसून प्लास्टिकच्या तळ्यात भरायचं आणि उन्हाला पाजायचं, हे असं चित्रात पाहिलं की लपवायला जागा राहत नाही. आमचे थोरले बंधू त्यातलेच. तुमच्यावर अजून फुरंगटून आहेत, पण फोटो काही त्यांनी डिलीट केलेला नाही.

सीताफळाच्या हंगामात या. नवे बोअर किती खोल जाऊ द्यायचे, यावर अजून रोज भांडणं चालू आहेत. रंगीत खडू आम्ही आणून ठेवतो.

आपला,
पुरंदरचा एक अंजीरवाला