साहेब, दोन वर्षांचा प्रवेशोत्सव राहिलाय

माननीय शिक्षणमंत्री साहेब,
गुजरात राज्य, गांधीनगर

साहेब, नमस्कार.

पत्र मराठीत लिहितोय म्हणून राग मानू नका. गुजराती मला झकास येते, दिवसभर रिक्षात तीच बोलतो, पण मनातलं सांगायला बसलं की तोंडातून मराठीच निघते, आणि बडोद्यात कुणी ना कुणी वाचून दाखवेलच तुम्हाला. लिहितोय म्हणजे फोनवर बोलतोय आणि फोन टाईप करतोय, मुलगी मधेमधे दुरुस्त करते, तेव्हा वाक्यं लांबली तर सांभाळून घ्या.

मी बडोद्याच्या वाडी भागात राहतो, शाळेची रिक्षा चालवतो, वीस वर्षं झाली. एका प्रायव्हेट शाळेची पोरं सोडतो. किती बसवतो ते इथे लिहीत नाही, आरटीओवाले पण फोन वाचतात. माझी स्वतःची मुलगी मात्र कॉर्पोरेशनच्या मराठी शाळेत शिकली, आणि हे पत्र त्या शाळेबद्दल आहे, आणि तिथल्या पोरांच्या राहून गेलेल्या प्रवेशोत्सवाबद्दल, म्हणजे जूनमध्ये पहिलीच्या नव्या पोरांना टिळा लावून शाळेत घेतात त्या कार्यक्रमाबद्दल.

१६ मार्च २०२०ला कोरोनामुळे शाळा बंद झाल्या, म्हणाले दोन आठवडे. पहिली ते पाचवीचे वर्ग परत भरले २२ नोव्हेंबर २०२१ला. वीस महिने झाले साहेब. माझी रिक्षा पहिले तीन महिने अंगणात उभी, हप्ता मात्र चालू, मग कांदे-बटाटे भरून फिरलो, ज्यांची पोरं सोडायचो त्यांच्याच दारात. घ्यायचे बिचारे. भाव करायचे ते वेगळं.

जूनमध्ये मुलीच्या बाईंचा फोन आला. (गुजराती शाळेत बेन म्हणतात, आमच्याकडे बाई.) म्हणाल्या भाऊ, पुस्तकं आलीत, पोरं शाळेत येऊ शकत नाहीत, तुमची रिक्षा रिकामीच असेल ना. मी म्हटलं बाई रिकामी कसली, बटाटे आहेत. तर म्हणाल्या बटाटे संपले की या. गेलो. वर्गाच्या दारात सुतळीने बांधलेले गठ्ठे, प्रत्येकावर चिठ्ठी, आणि बाईंच्या हातात हजेरीची यादी, त्यात काही नावांपुढे लाल टिंब. मला वाटलं ती नापास. नाही, ती गावाला गेलेली. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, कामाला असलेली कितीतरी घरं खानदेशातली, कंपन्या बंद पडल्या तशी धुळे-जळगावकडे निघून गेली. बाई रोज संध्याकाळी त्या लाल टिंबांना फोन लावायच्या, नंबर बंद लागला की शेजाऱ्याला, शेजारी नाही मिळाला तर किराणावाल्याला. एखादं घर सापडलं की टिंबाभोवती गोल करायच्या.

रिक्षाच्या आरशाला मी सॅनिटायझरची बाटली बांधली आणि आम्ही निघालो, बाई मागे गठ्ठ्यांमध्ये, मी पुढे. दारात स्टूल ठेवायला सांगायचो, स्टुलावर गठ्ठा ठेवून मागे सरकायचो, मग पोर येऊन उचलायचं. पण पहिल्या दिवशी काय झालं, मी सवयीने हॉर्न वाजवला, शाळेचा हॉर्न असतो ना आमचा, दोन छोटे एक मोठा, आणि समोरच्या खोलीतून एक पोरगा दफ्तर पाठीला लावूनच धावत बाहेर आला. काका शाळा सुरू झाली? बाईंनी उत्तर दिलं नाही, यादीत बघत बसल्या. त्या दिवसापासून मी हॉर्न वाजवणं बंद केलं, कडी वाजवायचो.

डीडी गिरनार या सरकारी गुजराती चॅनलवर पाठ लागायचे, चांगली गोष्ट होती, ज्यांच्या घरी टीव्ही त्यांची सोय झाली. पण ते गुजरातीत, आणि आमची छोटी पोरं घरात मराठी बोलणारी, पहिली-दुसरीच्या पोराला दोन्ही एकदम कसं झेपेल. फोन म्हणाल तर घरात एक, तो बापाच्या खिशात. म्हणून बाई मराठीत व्हॉईस मेसेज करून पाठवायच्या, रात्री बाप आला की पोरं ऐकायची. रेकॉर्डिंग स्वयंपाकघरातच व्हायचं हे सगळ्यांना माहीत, कारण वजाबाकीत हातचा घेता घेता कुकरची शिटी व्हायची आणि बाई म्हणायच्या एक मिनिट हं. आमच्या गल्लीतली पोरं त्या शिट्याच मोजायची. आज बाईंकडे तीन, डाळ आहे.

मग एकम कसोटी, म्हणजे घटक चाचणी. पेपर घरी द्यायचा, पोराने वहीत लिहायचं, वही परत आणायची. वह्या आणल्या की शाळेच्या गच्चीवर उन्हात पसरून ठेवायचो, एक दिवस तशाच, दुसऱ्या दिवशी तपासणी. वारा आला की मी आणि शिपाई दोघं वह्यांमागे धावायचो. निम्म्या वह्यांत उत्तरं आईच्या अक्षरात. एका वहीत बाईंनी लाल पेनाने लिहिलेलं मी स्वतः वाचलंय, "आई, तुमचं अक्षर सुंदर आहे, आता त्याला लिहू द्या."

दुपारचं जेवण बंद झालं त्याच्या बदल्यात धान्य आणि खात्यात पैसे यायचे, पण खातं बरोबर आहे का, नाव जुळतं का, हे बघायला पासबुकाचे फोटो कुणी काढले? बाईंनीच. एका आजीने पासबुक गोधडीत शिवून ठेवलेलं, उसवायला तयार नाही, म्हणे फोटो काढला की पैसे जातात. अर्धा तास लागला. शिवाय बाईंना सर्वेची ड्यूटी होतीच, सकाळी सर्वे, दुपारी शाळा. रिक्षाच्या गॅसचे पैसे त्यांनी मला दोनदा खिशातून दिले. तिसऱ्यांदा मी घेतले नाहीत असं लिहावंसं वाटतंय, पण घेतले, चहा तेवढा मी पाजला.

२०२१च्या एप्रिल-मेबद्दल लिहीत नाही. रिक्षात तेव्हा पुस्तकं नव्हती.

त्यानंतर शेरी शिक्षण आलं, म्हणजे गल्लीतच भरणारी शाळा. आमच्या गल्लीत वर्ग भरायचा पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर. गिरणी चालू असली की काही ऐकू येत नाही, तर गिरणीवाले काका सकाळी दीड तास गिरणी बंद ठेवायचे, धंद्याच्या वेळी, बायका डबे घेऊन उभ्या, आणि हे सांगायचे थांबा, शाळा चालू आहे. दळणाचे भाव लिहायची काळी पाटी होती ती पुसून त्यावर पाढे. बाजरी किती आणि गहू किती हे मग विचारूनच कळायचं, आणि त्यावरून भांडणं व्हायची ती ऐकण्यासारखी असायची. समोरच्या चाळीतली मावशी रोज ओटा धुवून सतरंजी टाकायची, दोन पोरांमध्ये किती जागा सोडायची ती खडूने आखायची. तिचं स्वतःचं कुणी शाळेत नाही. का करतेस विचारलं तर म्हणाली, सकाळी आवाज येतो, बरं वाटतं.

आता इतिहासातलं एक सांगतो, माझं डोकं नाही, एक रिटायर झालेले सर मांडवीला सेंट्रल लायब्ररीपाशी उतरायचे त्यांनी सांगितलेलं. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून बॉर्डन नावाच्या माणसाला बोलावलं आणि बडोदा राज्यात लायब्रऱ्या उभ्या केल्या, आणि जिथे लायब्ररी नाही तिथे पुस्तकांच्या पेट्या भरून गावोगाव पाठवायचे. मी म्हटलं सर, मग माझी रिक्षा त्याच लायनीतली. हसले. म्हणाले त्याच्या आधी, १८९३ला महाराजांनी अमरेलीत मोफत आणि सक्तीचं शिक्षण करून बघितलं आणि १९०६ला सगळ्या राज्यात लागू केलं, पोर शाळेत पाठवलं नाही तर बापाला दंड. मी विचारलं, आणि शाळाच पोराच्या दारात आली तर? तर सर म्हणाले, त्याचा कायदा नाही रे केलेला कुणी.

साहेब, तेच मला म्हणायचंय. दर जूनमध्ये तुमचा शाळा प्रवेशोत्सव होतो. गांधीनगरहून मंत्री येतात, मोठे अधिकारी येतात, पहिलीच्या पोरांना टिळा लावतात, आईबाप नवे कपडे घालून येतात, गल्लीतले सगळे भिंतीवरून बघतात. मला आवडतो तो कार्यक्रम, खरंच. पण २०२० आणि २०२१ला तो झाला नाही, होणं शक्यही नव्हतं, आणि २०२२च्या जूनमध्ये परत सुरू झाला तेव्हा टिळा त्या वर्षीच्या नव्या पोरांना लागला. मधली दोन वर्षांची पोरं तशीच पुढे गेली. त्यांनी पहिलीचा वर्ग आतून नीट बघितलाच नाही. २०२०ची तर डायरेक्ट दुसरीत येऊन बाकावर बसली, बाकावर बसायचं म्हणजे पाय कुठे ठेवायचे तेही काहींना कळेना, ओट्याची सवय.

त्यांचा प्रवेशोत्सव करा. आता ती मोठी झालीत, मिशा फुटतील थोड्या दिवसांनी, टिळा लावताना लाजतील, लाजू द्या. दफ्तर, बाटली, कंपास काही नको. फक्त येत्या जूनमध्ये छोट्यांचं झालं की त्याच मंडपात या पोरांना वर्गाप्रमाणे नाव घेऊन बोलवा, आणि ज्यांच्या ओट्यावर त्यांची पहिली भरली त्यांना पुढच्या रांगेत खुर्ची द्या. शाल नको, मोमेंटो नको, मोमेंटोवर नाव चुकीचं छापून येतं नेहमी. गिरणीवाले काका मंचावर बोलणार नाहीत, त्यांना जमत नाही, पण शाळेत व्हिजिट बुक असतं ना, ज्यात साहेब लोक शेरा लिहितात, त्याचं एक पान त्यांना आणि मावशीला द्या. मावशीला लिहिता येत नाही, ती सांगेल, सातवीतलं कुणीतरी लिहून घेईल.

हे लवकर करायला पाहिजे साहेब. बाई पुढच्या वर्षी रिटायर होतायत. ती लाल टिंबांची यादी अजून त्यांच्या कपाटात आहे, मी बघितलीय, सतरा टिंबांपैकी अकरांभोवती गोल आहे. बाकीच्या सहांचं विचारलं तर म्हणाल्या, नंबर आहेत माझ्याकडे, अधूनमधून लावते.

तुम्ही आमच्या शाळेत आलात तर गाड्या मेन रोडवरच लावाव्या लागतील, आमच्या गल्लीत मोठी गाडी वळत नाही. तिथून पुढे मी आणतो, सहा मिनिटं लागतात. गिरणीच्या वळणावर जरा थांबेन, पाटी अजून तिथेच आहे.

आपला,
एक शाळेचा रिक्षावाला
वाडी, बडोदा